शाळेसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स रद्द झाला तर? अमेरिकेतल्या मराठी घरमालकांचे आणि भाडेकरूंचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी घराचं बिल हातात पडलं की मंडळाच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरतात: हा कर जाणार म्हणतात, खरं का? कुठे गेलाय का? गेला तर शाळांचं काय? म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. राज्याराज्यांत नियम फार वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या राज्याचं नाव शोधून तेवढंच वाचलं तरी चालेल. मिशिगनचा भाग मात्र सगळ्यांनी वाचावा. वादात जे जे मुद्दे निघतात, त्यातल्या बहुतेकांचा अनुभव तिथे घेऊन झाला आहे.

घरावरच्या करात शाळा कुठून आली?

अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालवतो तो स्कूल डिस्ट्रिक्ट. बहुतेक राज्यांत त्याला स्वतःचा कर बसवता येतो आणि तो घर-जमिनीवर बसतो. देशभराचा विचार केला तर शाळांचा सुमारे 45 टक्के पैसा राज्य सरकारकडून येतो, जवळपास तितकाच स्थानिक पातळीवरून, आणि उरलेला थोडा फेडरल सरकारकडून. स्थानिक वाट्यात मुख्य भर प्रॉपर्टी टॅक्सचाच. पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सीच्या सबर्बमध्ये घराच्या बिलातला अर्ध्याहून अधिक भाग शाळेचा असणं अगदी नेहमीचं आहे.

आमची मुलं शिकून बाहेर पडली. आम्ही अजून का भरायचा?

कारण ही फी नाही, कर आहे. तुमची मुलं शाळेत होती तेव्हा शेजारच्या आजी भरत होत्या, हा एक मुद्दा. दुसरा जास्त रोखठोक आहे: तुमच्या घराला जो भाव येतो त्यात शाळेच्या नावाचा वाटा मोठा असतो. डिस्ट्रिक्ट ढासळला तर घर विकताना ते कळतं.

मग तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?

दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते.

पहिली घरमालकाची. घराची किंमत वाढली म्हणून कर वाढतो, पण पगार किंवा पेन्शन त्या वेगाने वाढत नाही. घर काही दर महिन्याला पैसे देत नाही. निवृत्त माणसाला हे फार जाचतं.

दुसरी तक्रार मुलांच्या बाजूची. श्रीमंत गावात कराचा दर कमी ठेवूनही भरपूर पैसा जमतो, गरीब गावात दर चढा ठेवूनही पुरत नाही. यावर पन्नास वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि 1973 मध्ये 5 विरुद्ध 4 अशा मतांनी निकाल लागला की शिक्षण हा फेडरल घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून हा लढा राज्याराज्यांच्या कोर्टांत लढला जातो. पेनसिल्व्हेनियात फेब्रुवारी 2023 मध्ये कॉमनवेल्थ कोर्टाने तिथली शाळांना पैसे देण्याची पद्धत राज्यघटनेत बसत नाही असं ठरवलं.

पहिल्या तक्रारीवरचा इलाज दुसरीवर लागू पडेलच असं नाही. ‘कर रद्द करा’ म्हणणारे पुढारी बोलतात पहिलीबद्दल आणि दाखला देतात दुसरीचा.

हा कर खरोखर काढून टाकलेलं एखादं राज्य आहे का?

हवाईत तो मुळात नव्हताच म्हणा. तिथे संपूर्ण राज्याचा मिळून एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आहे आणि पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. पण असलेला कर एका झटक्यात उडवण्याचं धाडस केलं ते मिशिगनने.

मार्च 1993 मध्ये उत्तर मिशिगनमधल्या कॅल्कास्का या छोट्या डिस्ट्रिक्टने शाळेचं वर्ष जवळपास दहा आठवडे आधीच गुंडाळलं. मतदारांनी वाढीव कर पुन्हा पुन्हा नाकारला होता आणि पैसे संपले होते. देशभर बातमी झाली. त्या उन्हाळ्यात राज्याच्या विधिमंडळात कर कपातीवर वाद चालू असताना डेबी स्टॅबेनो या डेमोक्रॅट सदस्याने प्रस्ताव मांडला की शाळा चालवण्यासाठीचा प्रॉपर्टी टॅक्स कमी कशाला करता, पूर्णच काढा. (त्या पुढे अमेरिकेच्या सिनेटवर गेल्या.) समोरच्यांना पेचात पकडायची ती चाल होती असं अनेक जण आजही मानतात. समोरच्यांनी ती चक्क उचलून धरली, आणि रिपब्लिकन गव्हर्नर जॉन एंग्लर यांनी सही केली. शाळांचे सहा अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न कायद्याने गेलं. त्याच्या जागी काय आणायचं हे तेव्हा कोणी ठरवलंच नव्हतं!

पर्याय ठरायला 24 डिसेंबर उजाडला, तोही रात्रभर बैठक चालवून. मतदारांपुढे 15 मार्च 1994 रोजी ‘प्रपोझल ए’ ठेवलं गेलं. त्यात सेल्स टॅक्स 4 वरून 6 टक्के होणार होता आणि सिगारेटच्या पाकिटावरचा कर 25 सेंटवरून 75 सेंट. इन्कम टॅक्स मात्र 4.6 वरून 4.4 टक्क्यांवर उतरणार होता. घर विकताना 0.75 टक्के हस्तांतर कर नव्याने आला. प्रस्ताव पडला असता तर इन्कम टॅक्स आपोआप 6 टक्के झाला असता. म्हणजे ‘काहीच नको’ हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. सुमारे 69 टक्के लोकांनी होकार दिला.

आणि हे लक्षात घ्या: एवढं होऊनही प्रॉपर्टी टॅक्स संपला नाही. राज्याने सर्व मालमत्तांवर 6 मिलचा शिक्षण कर लावला, आणि स्वतः राहत नसलेल्या मालमत्तेवर, म्हणजे दुकानं, कारखाने, भाड्याची घरं यांवर, 18 मिलचा स्थानिक कर ठेवला.

मिल म्हणजे किती? मिशिगनमध्ये घरमालकाचं खरंच किती वाचलं?

करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. मिशिगनमध्ये असेसमेंट, म्हणजे करासाठी घराचं केलेलं मूल्यांकन, बाजारभावाच्या निम्म्यावर होतं. आज 4 लाखांना असलेलं घर धरू. करपात्र मूल्य जास्तीत जास्त 2 लाख. जुन्या काळी शाळेसाठीचा दर सरासरी 34 मिलच्या आसपास होता, त्या हिशेबाने 6,800 डॉलर. 6 मिलने होतात 1,200. शाळेच्या इमारतींच्या कर्जाचा कर वेगळा, तो तेव्हाही होता आणि आताही आहे.

नोव्हाय, ट्रॉय, कँटन भागात नवीन घर घेणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. करपात्र मूल्य वर्षाला 5 टक्के किंवा महागाईचा दर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त वाढत नाही, पण ही मर्यादा मालक बदलेपर्यंतच. वीस वर्षं राहिलेल्या मालकाचं करपात्र मूल्य 1 लाख 10 हजारांवर अडकलेलं असू शकतं. तुम्ही घर घेतलंत की पुढच्या वर्षी ते सुटतं आणि बाजारभावाच्या निम्म्यावर, समजा 2 लाखांवर, जातं. रिअल्टरच्या लिस्टिंगवर दिसतं ते बिल जुन्या मालकाचं असतं. ते पाहून महिन्याचं बजेट ठरवू नका.

दुसरं, स्वतः राहत असल्याचा सवलतीचा अर्ज आपण स्वतः द्यायचा असतो. उन्हाळी बिलासाठी 1 जून, हिवाळी बिलासाठी 1 नोव्हेंबर. तो राहिला किंवा घर भाड्याने दिलं, की 18 मिल डोक्यावर. दीड लाख करपात्र मूल्यावर ते वर्षाला 2,700 डॉलर होतात.

बरं, पण शाळांना पैसे पुरले का?

सुरुवातीला हो, आणि गरीब डिस्ट्रिक्टना तर चांगलेच. त्याआधी मुलामागचा खर्च कुठे तीन हजारांच्या आसपास तर कुठे दहा हजारांवर होता. 1994-95 पासून राज्याने दर मुलामागे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली आणि किमान 4,200 डॉलरची हमी दिली. खालच्यांना दर वर्षी थोडं जास्त वाढवत नेलं. बहुतेक डिस्ट्रिक्टसाठी ही मूळ रक्कम एकसारखी व्हायला मात्र 2021-22 उजाडलं. तेव्हा ती 8,700 डॉलर झाली. वरची पन्नासेक श्रीमंत डिस्ट्रिक्ट्स आपला जादा कर लावून वेगळीच राहिली.

अडचणी नंतर दिसल्या. सेल्स टॅक्स लोकांच्या खरेदीवर चालतो. 2008 नंतरच्या मंदीत डेट्रॉईटच्या मोटार कंपन्या कोलमडल्या, लोकांनी गाड्या-फर्निचर घेणं थांबवलं, आणि राज्याने मुलामागची रक्कम कापली. घरावरचा कर असा एका वर्षात आटत नाही. असेसमेंट मागून रांगत येतं आणि लोक घर वाचवण्यासाठी बिल भरतातच. या कराला कोणी कितीही शिव्या दिल्या तरी त्याचा हा गुण मान्य करावा लागतो.

मग किल्ली कोणाकडे, हा प्रश्न आला. पूर्वी गावाला शाळेसाठी जास्त पैसे द्यावेसे वाटले तर मतदान करून कर वाढवता येत होता. आता रोजच्या खर्चाच्या साधारण 80 टक्क्यांचा निर्णय राजधानी लॅन्सिंगमध्ये होतो. 2011 नंतर तर राज्याने शाळांच्या याच निधीतून विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजांनाही पैसे द्यायला सुरुवात केली. कायद्याच्या भाषेत तेही शिक्षणच. शाळेच्या बोर्डाला मात्र हात चोळत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही.

डेट्रॉईट शहराचं वेगळंच झालं. पैसा मुलाबरोबर जातो म्हटल्यावर मूल सबर्बमध्ये किंवा चार्टर शाळेत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) गेलं की पैसाही गेला. इमारत, हीटिंग, पेन्शनची देणी तिथेच राहिली. दीड लाखांहून अधिक मुलांचा डिस्ट्रिक्ट 50 हजारांच्या घरात आला आणि 2016 मध्ये राज्याला 61.7 कोटी डॉलर ओतून जुना डिस्ट्रिक्ट कर्ज फेडण्यापुरता ठेवावा लागला, शिकवण्यासाठी नवा काढावा लागला. याला एकटं प्रपोझल ए जबाबदार नाही, शहरच रिकामं होत होतं. पण घसरण सुरू झाल्यावर सावरायला स्थानिक आधार उरला नव्हता, हे खरं.

इमारतींचा प्रश्न प्रपोझल ए ने सोडवलाच नाही. त्या अजून स्थानिक कर्जरोख्यांवर बांधतात. म्हणून एकाच राज्यात एका शाळेला नवा तरणतलाव आणि दुसरीला गळकं छप्पर.

पेनसिल्व्हेनियात ‘या वर्षी नक्की जाणार’ असं कित्येक वर्षं ऐकतोय. होतं काय?

500 डिस्ट्रिक्ट्सचं हे राज्य. सगळ्यात जवळ गाडी आली ती नोव्हेंबर 2015 मध्ये. प्रस्ताव असा होता: इन्कम टॅक्स 3.07 वरून 4.95 टक्के, सेल्स टॅक्स 6 वरून 7 टक्के आणि तोही जास्त वस्तू-सेवांवर. बदल्यात शाळांचा प्रॉपर्टी टॅक्स बंद. सिनेटमध्ये 24-24 अशी बरोबरी झाली आणि लेफ्टनंट गव्हर्नर माईक स्टॅक यांनी विरोधात मत देऊन तो पाडला. बारीक अक्षरात हेही होतं की जुनी कर्जं फिटेपर्यंत डिस्ट्रिक्टला त्यापुरता कर वसूल करता येईल. म्हणजे अनेक घरांचं बिल शून्य झालंच नसतं.

2017 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मान्य केली: राहत्या घराला 100 टक्क्यांपर्यंत सूट देता येईल. लोकांना वाटलं कर गेला. दुरुस्तीने फक्त परवानगी दिली. सूट दिल्यावर पडणारा खड्डा कशाने भरायचा हे त्यात नाही, आणि आता राज्यभर हा कर 15 अब्ज डॉलरहून जास्त जमतो.

या बदलात कोणाचा फायदा, कोणाचा तोटा?

पेनसिल्व्हेनियाचंच उदाहरण घेऊ. तिथे पेन्शन, सोशल सिक्युरिटी आणि निवृत्तीनंतर काढलेला 401-के चा पैसा यांवर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. म्हणजे कर घरावरून उत्पन्नावर नेला की निवृत्त घरमालक जवळजवळ मोकळा होतो, मग त्याचं घर 2 लाखांचं असो की 20 लाखांचं. मॉल, वेअरहाउस, ऑफिस पार्क यांचे मालकही मोठे लाभार्थी, आणि त्यातले कित्येक राज्याबाहेरचे.

भार येतो नोकरी करणाऱ्यांवर. तिथल्याच एक्स्टन गावी अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणारं, दोघंही कमावणारं, एच-1 वरचं आपलं तरुण जोडपं डोळ्यांसमोर आणा. इन्कम टॅक्स वाढला, सेल्स टॅक्स वाढला. भाडं कमी होईल? बाजारात घरांची टंचाई असताना मालक स्वतःहून भाडं उतरवेल, अशी आशा मी तरी करणार नाही. सेल्स टॅक्सचं तर असं की कमी पगाराच्या कुटुंबाची मिळकत जास्तीत जास्त खरेदीतच जाते, त्यामुळे टक्केवारीत त्यांनाच तो जड पडतो. मिशिगनने किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं वगळली आहेत, म्हणून तिथे ही धार थोडी बोथट आहे.

न्यू जर्सीत असा प्रयत्न का होत नाही?

झाला की! 1973 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शाळांना पैसे देण्याची पद्धत रद्दबातल ठरवली. विधिमंडळ चालढकल करत राहिलं, शेवटी जुलै 1976 मध्ये कोर्टाने शाळाच बंद केल्या, तेव्हा कुठे राज्यात इन्कम टॅक्स आला. दर होता 2 ते 2.5 टक्के, आणि त्याचा सगळा पैसा प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करण्यासाठी वापरायचा असं घटनेतच लिहिलं गेलं. आज त्या इन्कम टॅक्सचा वरचा दर 10.75 टक्के आहे आणि घराचं सरासरी बिल वर्षाला 10 हजार डॉलरच्या आसपास, देशात सर्वांत जास्त. एडिसनवाल्यांना वेगळं सांगायला नको.

हा पैसा वाया गेला असं नाही. गरीब शहरांतल्या शाळांना त्यातूनच मोठी मदत मिळते आणि राज्याच्या शाळा देशातल्या उत्तम शाळांत मोजल्या जातात. पण ‘एकाच्या बदल्यात दुसरा’ म्हणून आणलेला कर पाहता पाहता ‘एकासोबत दुसरा’ कसा होतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

टेक्सासमध्ये तर इन्कम टॅक्सच नाही. तिथे पर्याय काय?

राज्याकडे सेल्स टॅक्स आणि तेल-वायूच्या करातून शिल्लक उरते, ती वापरून सूट वाढवत नेतात. शाळेच्या करासाठी राहत्या घराच्या किमतीतून वजा होणारी रक्कम 2023 मध्ये 40 हजारांवरून 1 लाख डॉलर झाली आणि नोव्हेंबर 2025 च्या मतदानाने 1 लाख 40 हजार. 65 वर्षांनंतर शाळेचा कर गोठतो. फ्रिस्को-प्लेनोच्या लोकांना हे सुखाचं आहे, तेलाचा भाव चढा आहे तोवर.

लॉटरी आणि कॅसिनोच्या पैशात भागत नाही का?

नाही. मिशिगनमध्ये लॉटरीचा निव्वळ नफा शाळांच्या निधीत जातो, पण त्या निधीच्या आकारापुढे तो लहान आहे. पेनसिल्व्हेनियात लॉटरी शाळांसाठी नाहीच, ती ज्येष्ठांच्या योजनांसाठी आहे. कॅसिनोंच्या स्लॉट मशीनमधून मिळणाऱ्या करातून राहत्या घरांना थोडी सूट मिळते. तिचा अर्ज 1 मार्चपर्यंत करायचा असतो, आणि बरेच जण तो करतच नाहीत.

लोकांना कर रद्द व्हायला हवा असतोच ना? मग मतदानात काय होतं?

नॉर्थ डकोटात नोव्हेंबर 2024 मध्ये प्रॉपर्टी टॅक्स रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. दहापैकी सहाहून अधिक लोकांनी नाही म्हटलं. बदल्यात कुठला कर येणार याचं उत्तर त्यात नव्हतं.

कर गेला तर घराच्या किमती वाढतील?

वाढण्याचीच शक्यता. एस्क्रोसह (बँक हप्त्याबरोबर कर-विम्यासाठी घेते ती रक्कम धरून) महिन्याला 3,500 परवडणारं कुटुंब कर गेल्यावर तेवढेच 3,500 देऊन महाग घर घेईल. फायदा त्या दिवशी ज्याच्या नावावर घर आहे त्याचा. नंतर घर घेणारा तेच पैसे बँकेला व्याजासकट देतो.

फेडरल रिटर्नवर काय फरक पडेल?

आयटमाइज करत असाल, म्हणजे ठरावीक सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत असाल, तर प्रॉपर्टी टॅक्सची वजावट मिळते. राज्याचा इन्कम टॅक्स आणि सेल्स टॅक्स यांपैकी मात्र एकच निवडता येतो. त्यामुळे घरावरचा कर सेल्स टॅक्समध्ये गेला तर काहींची वजावट घटेल. एकूण मर्यादा 2018 पासून 10 हजार डॉलर होती, ती 2025 साठी 40 हजार झाली, 5 लाखांवरच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते.

महाराष्ट्रात शाळांचा पैसा घरावर नाही ना बसत?

थोडा बसतो. मुंबईच्या मालमत्ता कराचं बिल काढून पाहा, त्यात शिक्षण उपकराच्या ओळी आहेत. राज्याचा उपकर 1962 च्या कायद्याने आला. पण शाळेचं बजेट त्यावर उभं नाही. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. म्हणून पेठेतल्या वाड्याच्या किमतीवर तिथल्या शाळेचं नशीब ठरत नाही. तुलना करायचीच तर आपली व्यवस्था हवाईच्या जवळची आहे, आणि सगळं वरून ठरलं की काय होतं हे अनुदानासाठी आझाद मैदानात बसलेल्या शिक्षकांना विचारावं.

तुमचं स्वतःचं मत काय?

पूर्ण रद्द करू नये. ज्याला बिल खरोखर पेलत नाही त्याला उत्पन्न पाहून भरपूर सूट द्यावी आणि गरीब डिस्ट्रिक्टचा खड्डा राज्याने भरावा. 20 लाखांच्या घराचा आणि वेअरहाउसचा कर माफ करण्यासाठी भाडेकरूच्या पगारातून कापणं मला पटत नाही. मिशिगनने निदान दुकानं-कारखान्यांवरचा कर ठेवला, ते शहाणपणाचं होतं. कर गोळा करण्याचा सगळा अधिकार राजधानीत नेला, तिथे चुकलं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. आईबाबांना किंवा आम्हाला आत्ता काय मिळू शकतं?

घर त्यांच्या नावावर असेल तर पुष्कळ काही. पेनसिल्व्हेनियात 65 वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना, भाडेकरूंनासुद्धा, करपरतावा मिळतो. 2024 पासून त्याची मूळ कमाल रक्कम 1,000 डॉलर झाली. न्यू जर्सीत सीनिअर फ्रीझ, अँकर आणि आता स्टे एनजे आहे. शेवटच्या योजनेत 5 लाखांखाली उत्पन्न असलेल्या 65 वर्षांवरच्या घरमालकांना ठरावीक मर्यादेत निम्म्या करापर्यंत दिलासा आहे. मिशिगनमध्ये उत्पन्नाशी जोडलेलं क्रेडिट राज्याच्या रिटर्नबरोबर मागावं लागतं. यातलं जवळजवळ काहीच अर्ज केल्याशिवाय येत नाही.

ग्रीन कार्डवर आहोत, मत नाही. आम्ही करणार काय?

मिशिगन असो की पेनसिल्व्हेनिया, राज्याच्या प्रस्तावावर मत द्यायला नागरिकत्व लागतं. पण स्कूल बोर्डाच्या सभेत बोलायला रहिवासी असणं पुरतं. बजेटची सभा बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूत होते, आणि एरवी तिथे डझनभर माणसंही नसतात.